कीर्द आणि खतावणी : संगणकातल्या नोंदींचा भरवसा



वसंतातल्या व्याख्यानांना संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय शोभतात. माझा विषय त्या पंगतीला बसणारा नाही, हे मी जाणून आहे. पण तो मी आपण होऊन निवडलेला नाही. येथील वाचनालयाच्या कार्यवाहांनी काही दिवसांपूर्वी मला विचारले, "सभासदांची आणि पुस्तकांची नोंद संगणकावर न्यावयाची आहे. ओपन सोर्स म्हणून जे डेटाबेस फुकट मिळतात, त्यांत भरवशाचा कोणता?" मी एखादे नाव सांगून मोकळा झालो असतो. परंतु माझ्या तोंडून निघून गेले की आधी 'भरवशाचा' म्हणजे काय ते ठरवावे लागेल. कार्यवाह चतुर. त्यांनी तेथल्या तेथे आजची तारीख माझ्या नावावर मांडली.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की हा प्रश्न वाचनालयाचा आहे. आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध असा की आपला सातबारा, आपले बँकेचे खाते, खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाची पोती, हे सर्व आज कोठल्या ना कोठल्या संगणकातल्या तक्त्यातली एक ओळ होऊन बसले आहे. ती ओळ नाहीशी झाली तर एका घराचे एका हंगामाचे धान नाहीसे झाले. पलीकडे आपला आंबागड उभा आहे. देवगडच्या बख्त बुलंदाच्या कारकिर्दीत, इ. स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. हे आपण आज सांगू शकतो, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले आणि तो कागद टिकला. जे लिहिले गेले नाही, किंवा लिहिलेले टिकले नाही, ते कितीही खरे असले तरी आज आपल्या हातात नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. १९७० साली आय.बी.एम. कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, आणि तक्त्यांची सांगड त्यांच्यातल्या समान रकान्यांवरून घालावी, असा त्याचा मथितार्थ होता. सभासदाचा पत्ता एकदाच लिहायचा. देवघेवीच्या तक्त्यात फक्त त्याचा क्रमांक. पत्ता बदलला तर एकाच जागी खोडायचा. या पद्धतीच्या डेटाबेसला 'रिलेशनल' म्हणतात. आज फुकट मिळणाऱ्यांत तीन घराणी प्रमुख आहेत: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि तिची धाकटी बहीण मारियाडीबी, आणि एसक्यूलाइट. फायरबर्ड म्हणून आणखी एक आहे. वेळेअभावी तिला आज बाजूस ठेवतो.

यांची परीक्षा कशी करावी? समजा, सोसायटीच्या काट्यावर एका शेतकऱ्याचे चाळीस पोते धान मापले. कारकुनाने गोदामाच्या तक्त्यात चाळीस पोती जमा केली, आणि शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम मांडणार एवढ्यात वीज गेली. उन्हाळ्यात ती केव्हा जाते हे मी आपणांस सांगावयास नको. वीज परत आल्यावर काय दिसावे? एकतर दोन्ही नोंदी दिसाव्यात, नाहीतर एकही दिसू नये. धान गोदामात आणि रक्कम कोठेच नाही, अशी अर्धवट स्थिती कदापि दिसू नये. आणि पडद्यावर 'नोंद झाली' अशी अक्षरे उमटल्यानंतर वीज गेली असेल, तर ती नोंद राहिलीच पाहिजे. भरवसा म्हणतात तो याला. गती किती, सोयी किती, हे नंतरचे.

हे साधते कसे? यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. तुमसरच्या बाजारात ज्यांनी जुन्या पेढ्या पाहिल्या असतील त्यांना कीर्द आणि खतावणी ठाऊक आहेत. दिवसभरात जसजसा व्यवहार होईल तसतसा तो क्रमाने कीर्दीत उतरायचा. खातेवार मांडणी खतावणीत मागाहून, सवडीने. खतावणीचे एखादे पान फाटले तर कीर्दीवरून ते पुन्हा लिहून काढता येते. उलट मात्र होत नाही. म्हणून मुनीम आधी कीर्द लिही. चांगला डेटाबेस अगदी हेच करतो. बदल प्रथम कीर्दीत लिहितो, ती डिस्कवर पक्की उमटल्याची खात्री करून घेतो, मगच आपणांस 'झाले' म्हणतो, आणि खतावणी सावकाश भरतो. वीज जाऊन आली की शेवटच्या खुणेपासून कीर्द वाचत खतावणी दुरुस्त करतो. पोस्टग्रेसमध्ये ही कीर्द २००१ सालच्या ७.१ या आवृत्तीत आली. एसक्यूलाइट आधी उलट रीतीने चाले, म्हणजे बदलावयाच्या पानाची जुनी नक्कल बाजूस काढून ठेवी. २०१० पासून तिच्यातही कीर्दीची पद्धत घेता येते.

मायएसक्यूएलची गोष्ट येथे निराळी आहे, आणि तिच्याविषयीच्या पुष्कळशा बऱ्यावाईट समजुती त्यातूनच निघाल्या आहेत. १९९५ साली मायकेल विडेनियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती स्वीडनमध्ये काढली. 'माय' हे विडेनियसच्या मुलीचे नाव. पुढे २००९ साली मारियाडीबी काढली तेव्हा धाकट्या मुलीचे नाव दिले. चपळ, सुटसुटीत, शिकावयास सोपी, यामुळे जगातल्या निम्म्याअधिक वेबसाइटी तिच्यावर उभ्या राहिल्या असे वाटावे इतका तिचा प्रसार झाला. पण तिच्या पोटात नोंदी ठेवणारे मूळचे यंत्र, मायआयसॅम, हे कीर्दच ठेवीत नसे. थेट खतावणी! वीज गेली की तक्ता मोडे, आणि दुरुस्तीचा हुकूम देऊन जे हाती लागेल ते आपले म्हणावे लागे. कीर्द ठेवणारे इनोडीबी हे यंत्र फिनलंडच्या हेक्की टूरी यांनी बनविले. ते मायएसक्यूएलमध्ये निवडून घेता येई, पण न सांगता मिळू लागले ते २०१० च्या ५.५ या आवृत्तीपासून. मधल्या काळात ज्यांनी काही न निवडता तक्ते केले, त्यांना पहिलेच यंत्र मिळाले. कित्येक कचेऱ्यांतून ते तक्ते तसेच पुढे आले असतील.

आणखी एक खोड होती. ती मला वीज जाण्यापेक्षाही अधिक वाईट वाटते. चुकीची नोंद आली तर मायएसक्यूएल ती नाकारीत नसे. आपल्या अकलेप्रमाणे बदलून घेई. तारीख ३१ फेब्रुवारी लिहा. ती शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी लिहून घेई. नाव रकान्यापेक्षा लांब असले तर शेपूट कापून ठेवी. आपल्या भाषेची गंमत तर पाहण्यासारखी आहे. तिच्या तक्त्यांची न सांगता मिळणारी लिपी २०१८ पर्यंत पश्चिम युरोपची होती. त्या तक्त्यात 'आंबागड' असे लिहिले, आणि नियम ढिले असले, तर काय साठे? संगणकाच्या हिशेबी या नावात सहा चिन्हे आहेत: आ, अनुस्वार, ब, काना, ग आणि ड. तक्त्यात बरोबर सहा प्रश्नचिन्हे उमटत. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत सभासदांची सबंध यादी अशी प्रश्नचिन्हांची झाली होती. नोंदणी करणाऱ्याला कोणी अडविले नव्हते. दर खेपेस 'नोंद झाली' असेच उत्तर आले होते. मूळ अर्ज फडताळात होते म्हणून नावे परत मिळाली.

मी मायएसक्यूएलची निंदा करीत आहे असे समजू नका. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून अशा नोंदी ती न सांगताच नाकारते. २०१८ साली निघालेल्या ८.० मध्ये लिपीचा प्रश्न सुटला. 'पोती शून्यापेक्षा कमी असू नयेत' असे नियम तक्त्याला लावले तर ती पूर्वी ते नियम वाचून घेई आणि पाळीत मात्र नसे. मारियाडीबी २०१७ पासून आणि मायएसक्यूएल २०१९ पासून ते पाळू लागली. म्हणजे आजची मायएसक्यूएल ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मायएसक्यूएल नव्हे. परंतु जुन्या वळणाने लिहिलेले कार्यक्रम चालावेत म्हणून हे नियम पुन्हा ढिले करून ठेवण्याची सोय तिच्यात आहे, आणि ती वापरणारे लोक आहेत. तेव्हा ज्याच्याकडे ती असेल त्याने ती कशी मांडली आहे हे विचारून घ्यावे.

पोस्टग्रेसचे वळण याच्या उलट. तिचा जन्म विद्यापीठातला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे ते काम सुरू केले, आणि १९९६ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी ते आजच्या नावाने चालविले. पुण्यात बसून काम करणाऱ्या अभियंत्यांचाही त्यात वाटा आहे. एकाच ओळीत वारंवार फेरफार होत असता सूचीला दर वेळी हात न लावता ते उरकावेत, अशी जी युक्ती २००८ च्या ८.३ या आवृत्तीत आली, ती पुण्यातली. आणि आज ती जगभर चालते. पोस्टग्रेसचा स्वभाव हट्टी कारकुनाचा. ३१ फेब्रुवारी दिली की ती थेट नकार देते. नवख्या माणसाला तिचा राग येतो.

मग प्रश्न सुटला, पोस्टग्रेस घ्यावी? थांबा. २०१८ साली याच हट्टी कारकुनाच्या बाबतीत जे उघडकीस आले, ते ऐकल्याखेरीज मत बनवू नका.

डेटाबेस स्वतः डिस्कवर लिहीत नाही. तो पाने संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीकडे देतो. ती सवडीने डिस्कवर लिहिते. खतावणीची पाने खरोखर तिजोरीत गेली ना, हे विचारण्यासाठी डेटाबेस तिला एक विशिष्ट प्रश्न करतो. आता असे समजा की मुनिमाने शिपायाजवळ पाने दिली. शिपायाने ती नेताना त्यांतले एक पान विहिरीत पडले. मुनिमाने विचारले, "पोहोचली का?" शिपाई म्हणाला, "नाही, गडबड झाली." मुनीम म्हणाला, "बरे, पुन्हा प्रयत्न कर," आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारले. या खेपेस शिपाई म्हणाला, "सर्व ठीक आहे." कारण त्याच्या हाती आता कोणतेच पान उरले नव्हते! मुनिमाला वाटले, पाने तिजोरीत गेली. म्हणून त्याने कीर्दीचा तेवढा भाग फाडून टाकला. पान विहिरीत, कीर्द फाडलेली.

लिनक्सवर नेमके हेच होत होते. लिहिण्यात चूक झाली तर ती एकदा सांगायची, आणि मग ते पान 'स्वच्छ' म्हणून खूण करून विसरून जायचे, अशी तिची रीत. पोस्टग्रेसची समजूत अशी की दुसऱ्यांदा विचारल्यावर 'ठीक' उत्तर आले तर पहिलीही पाने पोहोचली. ही समजूत सुमारे वीस वर्षे तशीच होती. क्रेग रिंगर नावाच्या अभियंत्याने मार्च २०१८ मध्ये ती चव्हाट्यावर मांडली. एका ठिकाणी प्रत्यक्ष नोंदी बिघडलेल्या पाहून तो मागे लागला होता. पुढचे सर्व वादविवाद उघड्यावर झाले आणि आजही कोणासही वाचता येतात. दोष कोणाचा, मुनिमाचा की शिपायाचा, यावर दोन्ही पक्षांचे लोक भांडले. अखेरीस फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली: एकदा जरी 'गडबड झाली' असे उत्तर आले तर पुन्हा विचारायचे नाही; तेथल्या तेथे काम बंद करायचे आणि फाडण्यापूर्वीच्या कीर्दीवरून सर्व पुन्हा लिहावयाचे. मायएसक्यूएलच्या चालकांनीही मग आपल्याकडे तसाच बदल केला.

यातून दोन गोष्टी मला दिसतात, आणि त्या परस्परविरोधी आहेत. ओपन सोर्स म्हणजे ज्याचे घडणीचे लिखाण कोणासही पाहता येते. त्यामुळे दोष लपत नाहीत, असे त्याचे भक्त सांगतात. येथे तर लिखाण सर्वांसमोर असून वीस वर्षे दोष लपला होता. दार उघडे आहे म्हणून कोणी आत डोकावतेच असे नाही. पण हेही खरे की तो सापडला त्या दिवसापासून एकही गोष्ट झाकली गेली नाही. कोठे, कोणत्या आवृत्तीत, कोणाला धोका आहे, हे वापरणाऱ्याला त्याच वेळी समजले. बंद पेटीतल्या मालाविषयी हे खात्रीने सांगता येत नाही.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. २०१३ च्या अखेरीस पोस्टग्रेसच्या दुसऱ्या यंत्रावर ठेवलेल्या नकलेत, पक्के झालेले व्यवहार न झालेले असे दिसण्याचा दोष निघाला. २०२२ च्या जून महिन्यात १४ व्या आवृत्तीतला सूचीचा दोष दुरुस्त करण्यासाठी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दुरुस्ती काढावी लागली. ओळ तक्त्यात असे, पण सूचीत नसल्यामुळे शोधून सापडत नसे. वाचनालयात चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते, तसे हे झाले. काइल किंग्सबरी नावाचे एक गृहस्थ तर डेटाबेस मोडून दाखविण्याचाच व्यवसाय करतात. त्यांच्या परीक्षेला 'जेप्सेन' म्हणतात. २०२० साली त्यांनी पोस्टग्रेसच्या सर्वांत कडक व्यवस्थेत एक छिद्र काढून दाखविले. ते २०११ पासून तेथे होते. लगेच ते बुजविले गेले. २०२३ मध्ये त्यांनी मायएसक्यूएल घेतली, आणि जी व्यवस्था तिच्यात न सांगता मिळते तीत, एकाच व्यवहारात वाचलेली गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना बदललेली सापडू शकते, हे सिद्ध केले. ज्या व्यवस्थेचे नावच 'पुन्हा तेच वाचणे' असे आहे तिची ही कथा!

एसक्यूलाइटबद्दल थोडक्यात सांगतो, जरी तुमच्या खिशात आत्ता तीच आहे. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती असते. रिचर्ड हिप यांनी अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेसाठी काम करीत असता २००० साली ती काढली. निराळा सर्व्हर बंद पडला की कार्यक्रम आंधळा होतो, याचा त्यांना कंटाळा आला होता. म्हणून सर्व्हरच नको. एक फाईल, बस. तिच्या परीक्षणासाठी लिहिलेला मजकूर मूळ लिखाणाच्या पाचशे पटींहून अधिक आहे. मधेच वीज घालवून पाहणे हाही त्या परीक्षणाचा भाग असतो. इतकी तालीम झालेला दुसरा डेटाबेस माझ्या माहितीत नाही. पण तिच्या मर्यादा आहेत. एका वेळी एकच जण लिहू शकतो. आकड्यांच्या रकान्यात अक्षरे लिहिली तरी ती मुकाट्याने घेते. न घेण्याची सोय २०२१ मध्ये झाली, पण ती मागावी लागते. आणि चार संगणकांनी नेटवर्कवरून तिची एकच फाईल उघडू नये, हे तिचे कर्तेच बजावून सांगतात.

एवढे सर्व पाहिल्यावरही एक गोष्ट राहते, आणि तिच्यापुढे वरची सर्व तुलना फिकी पडते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत पोस्टग्रेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक नकलेचा. नक्कल मागे पडली होती. ती नव्याने करण्यासाठी, थकलेल्या अभियंत्याने नकलेच्या यंत्रावरची माहिती पुसण्याचा हुकूम दिला. पण तो ज्या यंत्रावर बसला होता ते मुख्य यंत्र होते. एकदोन क्षणांत त्याच्या लक्षात आले. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साडेचारच उरले होते. पोस्टग्रेसचा यात काडीचा दोष नाही. तिने सांगितले ते ऐकले. मग बॅकप शोधू लागले. त्यांच्याकडे पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. रोज नक्कल काढणारा कार्यक्रम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे कित्येक दिवस काहीच काढीत नव्हता. तो बंद पडल्याची पत्रे जात होती, पण टपालव्यवस्था ती नाकारीत होती. दुसरी व्यवस्था या सर्व्हरांसाठी सुरूच केलेली नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने एक नक्कल काढली होती, ती कामी आली. सहा तासांचे काम गेले: सुमारे पाच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय, सातशे नवी खाती. त्यांचे एक कौतुक केले पाहिजे. ही सर्व धडपड त्यांनी जगाला प्रत्यक्ष दाखविली आणि चुकांची यादी स्वतः छापली.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. वाचनालयाला डेटाबेस सुटा घ्यावाच लागत नाही. सरकारच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' घेतले तर त्याच्या ४.० या आवृत्तीखाली पोस्टग्रेस असते. न्यूझीलंडच्या एका ग्रामीण वाचनालयासाठी २००० साली तयार झालेले 'कोहा' घेतले तर त्याखाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असते. यांतले कोणतेही घ्यावे; दुसरे घेतल्यास तक्ते इनोडीबीचे आहेत, नियम कडक आहेत आणि लिपीत मराठी मावते, एवढे उभे राहून तपासून घ्यावे. एकच टेबल आणि एकच संगणक असेल तर एसक्यूलाइटवर लिहिलेला साधा कार्यक्रमही पुरेल. परंतु ज्या सोसायटीत दुसऱ्याचे धान आणि दुसऱ्याचा पैसा मांडला जातो, तेथे माझे मत पोस्टग्रेसच्या बाजूने आहे. तिच्यात दोष निघाले नाहीत म्हणून नव्हे. शंका आली की ती थांबते, आणि जिच्या थांबण्यामुळे रांगेतले लोक ओरडतात अशीच कारकून अशा जागी मला हवी आहे. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीची डागडुजी पाच वर्षेच चालते, हे मात्र भिंतीवर लिहून ठेवावे.

कार्यवाहांकडून मी पुढील महिन्याचा पहिला रविवार मागून घेतला आहे. त्या दिवशी वाचनालयाच्या नोंदीची नक्कल एका कोऱ्या संगणकावर उतरवून पाहावयाची, आणि आपल्यापैकी कोणीही येऊन आपले नाव, आपला क्रमांक व आपल्याकडे असलेले पुस्तक त्यात शोधावयाचे. सकाळी नऊला यावे. जुनी नोंदवही त्या दिवशी टेबलावरच ठेवली जाईल. ती अद्याप कपाटात गेलेली नाही.